बोटीला नसलेली खोड

त्या बोटीत कधीही कोणी मेलं नव्हतं.

हे एक वाक्य लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. निवृत्तीनंतर आठवणी लिहायला बसलो, तेव्हा शाळा, कचेरी, वर्ध्याच्या बसमधले सोबती, सगळं भराभर लिहून झालं. अंगणातल्या बोटीपाशी आलो की मी पेन ठेवून उठायचो. आता वय असं आहे की पुन्हा बसायला मिळेलच याची खात्री नाही. माझ्या धाकट्या भावाबद्दल आमच्या गावात, हायवेवरच्या जाम गावाच्या चौकात आणि तिकडे कोकणातल्या एका बंदरावरही असं बोललं जातं की त्याच्या हातून बोटीतला माणूस बुडाला आणि म्हणून तो इकडे पळून आला. ही गोष्ट खोटी आहे. ती मी सांगितली होती.

भाऊ माझ्याहून बराच लहान. डिझेल इंजिनाचं काम शिकला आणि कोणाच्या तरी ओळखीनं समुद्रावर गेला. आमच्या घराण्यात समुद्र कोणी पाहिलेलासुद्धा नव्हता. तिकडे प्रवासी बोटींवर त्यानं वीसेक वर्षं काढली. लग्न केलं नाही. मग एका उन्हाळ्यात लांब ट्रेलरवर बोट लादून तो हायवेनं घरी आला. फायबरची, वापरलेली, लहानशी बोट. पुढच्या भागात केबिन, केबिनमध्ये दोन बाकं आणि गोल खिडक्या, मागे फळीखाली डिझेल इंजिन. आपल्याकडच्या एखाद्या धरणावर लोकांना फिरवायचं, असा त्याचा विचार होता. अर्ज केले, खेपा घातल्या. शेवटी कळलं की त्या पाण्यात डिझेलची बोट उतरवता येणार नाही. तोवर बोट आमच्या अंगणात कडुनिंबाखाली लाकडी ठोकळ्यांवर चढली होती. ती तिथेच राहिली.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या वडिलांना, बाबूजींना, लकवा मारला. उजवी बाजू गेली. बाबूजी हाडापेरानं मोठे, माझ्यानं ते उचलले जात नसत आणि बायकोची कंबर दुखायची. भाऊ मात्र त्यांना पोरासारखा उचलायचा. सकाळी न्हाणीत नेणं, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं त्याच्याकडे आलं. मी साडेआठच्या बसनं कचेरीत जायचो आणि संध्याकाळी येऊन बाबूजींच्या उशाशी पेपर वाचायचो. गावात मला श्रावणबाळ म्हणत. मी ते म्हणू दिलं.

दर रविवारी भाऊ पाण्याचा पिंप बोटीशेजारी ठेवायचा, त्यात इंजिन थंड ठेवणारा पाइप सोडायचा आणि इंजिन चालू करायचा. बंद ठेवलं तर ते धरून बसतं, म्हणायचा. घराच्या भिंती थरथरत. रस्त्यावरून जाणारे थांबत.

"काऊन जी, पूर येनार हाय का?"

"आला तं तुले पयले घेतो. पन तिकीट लागन."

दुसऱ्या वर्षी त्याला कोकणातून फोन आला. त्याच्या जुन्या सोबत्यानं स्वतःची प्रवासी बोट घेतली होती आणि इंजिनाची सगळी जबाबदारी घ्यायला त्याला हाच माणूस हवा होता. भाऊ जेवताना बोलला. ताटाकडे पाहत बोलला, म्हणजे मनात बरेच दिवस घोळत असणार.

"दादा, मी बोट इकतो म्हनतो. तिच्या पैशात बाबूजीसाठी दोन वक्ताचा मानूस ठेवू. जामचा एक जन तयार हाय, दवाखान्यात काम केलेला. मंग मी जातो."

"जा ना," मी म्हणालो. "कोनी धरलं तुले?"

रात्री बायको म्हणाली, "भाऊजी गेल्यावर परक्या मानसानं नाही जमलं तर?" तिनं फक्त विचारलं होतं. मी त्याचं उत्तर शोधलं नाही. पुढच्या दोन-चार दिवसांत बाबूजींनीही मला जवळ बोलावलं. त्यांची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत. ते म्हणाले, "त्याले जाऊ दे. माह्या खाटेच्या पायाले बांधून ठेवू नको." मी मान हलवली.

भावानं पेपरात आणि मोबाइलवर जाहिरात दिली. वापरलेली, केबिनची लहान डिझेल बोट विकणे आहे, इंजिन चालू स्थितीत, जाम हायवेजवळ, वर्धा जिल्हा. चौकात महिनाभर तोच विषय.

"येथं प्याले पानी नाई अन् हा बोट इकून राह्यला."

भाऊ हसायचा. त्या दिवसांत तो शीळ घालत बाबूजींची दाढी करायचा.

त्याच दिवसांत मी कुंपणाची भिंत बांधायला काढली. हायवेच्या कामामुळे ट्रक अंगणापर्यंत येऊन वळत होते, भिंत हवीच होती. पण फाटकाची रुंदी मी सांगितली. गवंड्यानं सुतळी धरली आणि तो थांबला.

"साहेब, एवढंच फाटक ठेवलं तं बोट कुठून निंगन?"

"ट्रॅक्टर निंगते ना?"

"ट्रॅक्टर निंगते. बोट नाई निंगत."

"इकली तर भिंत फोडू. तू बांध."

भाऊ संध्याकाळी आला, ओल्या विटांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "फोडाचीच हाय तं बांधली काऊन, दादा?" मी हसण्यावारी नेलं. बोट आता चारी बाजूंनी आत होती. बाबूजींच्या खाटेवरून खिडकीतून ती दिसायची आणि ते तिच्याकडे बघत पडून राहायचे.

आमच्याकडे बैलबाजाराची एक रीत आहे. विकणारा आपल्या बैलाचं कौतुक करतो, ते कोणी मनावर घेत नाही. मग घेणारा त्या घरच्या मोठ्या माणसाला बाजूला नेतो आणि विचारतो, खोड सांगा. बैल मारका आहे, बसतो, उजव्या बाजूला जुंपला तर चालत नाही, जे असेल ते मोठ्यानं सांगायचं. सांगितल्याशिवाय दोर हातात द्यायचा नाही. बाबूजींची त्या बाबतीत कीर्ती होती. ते स्वतःच्या बैलाची खोड अशी सांगत की सौदा मोडायचा. ते थकल्यावर तो मान माझ्याकडे आला होता. एका गाईचं एक थान बंद आहे हे मी आपणहून सांगितलं, तर लोक वर्षभर ते उदाहरण देत होते. त्यामुळे बोटीचं गिऱ्हाईक आलं तेव्हाही तेच झालं.

पहिला आला तो भंडाऱ्याकडचा मासेमारीचा ठेकेदार. त्यानं बोट पाहिली आणि मला विचारलं. मी म्हणालो, दोन उन्हाळे कोरडी उभी आहे, तळाला चिरा असतील. यात खोटं काही नव्हतं. पण भावानं तळ नुकताच तपासून घासून घेतला होता, ते मी सांगितलं नाही. ठेकेदार विचार करतो म्हणाला आणि गेला.

दुसरा नागपूरकडचा. तलावाकाठी त्याचं हॉटेल होतं, परवानगी हातात होती. तो दुपारी आला. भावानं पिंप भरून इंजिन चालू केलं, ते पहिल्या झटक्यात लागलं. तो माणूस केबिनमध्ये बाकावर बसला, गोल खिडकीतून बाहेर पाहिलं आणि लहान मुलासारखा हसला. भिंत फोडायचा खर्चही तो देणार होता. भाऊ बोटीची कागदपत्रं आणायला घरात गेला. जाताना त्यानं पायातल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत, इतकी घाई.

पाहुण्यानं मला कडुनिंबापलीकडे नेलं.

"काकाजी, तुमी मोठे. आता खोड सांगा."

"इंजिन चांगलं हाय," मी म्हणालो.

"ते पायलं मी. दुसरं काही?"

मी गप्प राहिलो. खरं तर त्या गप्प राहण्यानंच अर्धं काम झालं. त्याचा चेहरा बदलला. तेव्हाही मला "काही नाही" म्हणता आलं असतं.

"मानूस गेला हाय हिच्यावरून," मी म्हणालो. "समुद्रात. हाच चालवत होता. म्हनून तर इकडं आला. कोनापाशी बोलू नका."

सख्ख्या भावाचं नुकसान करून जो मोठा भाऊ असं सांगतो, तो खोटं कशाला बोलेल? त्यानं माझे हात हातात घेतले. "तुमी सांगितलं, काकाजी. दुसऱ्यानं नसतं सांगितलं." मग भाऊ कागद घेऊन आला. पाहुण्यानं ते उभ्याउभ्या पाहिले, घरी विचारून कळवतो म्हणाला, चहा अर्धा ठेवून गाडीत बसला.

भाऊ आठवडाभर मोबाइल खिशात न ठेवता हातात घेऊन फिरला.

मी हे का केलं, याचं उत्तर मी स्वतःला अनेकदा बाबूजींच्या नावावर दिलं आहे. ते पुरतं खरं नाही. दवाखान्यातला माणूस आला असता, बाबूजींचं निभलं असतं. मी मोठा मुलगा म्हणून या घरात राहिलो. बदली नाकारली, बढती नाकारली, आयुष्यभर एकाच बसनं गेलो आणि एकाच बसनं आलो. तो एकदा निघून गेला होता आणि आता पुन्हा जाणार होता. मला या घरात एकट्यानं अडकायचं नव्हतं.

नागपूरच्या त्या माणसाला बोट हवीच होती. त्यानं कोकणात चौकशी केली आणि चौकशी करताना मी सांगितलेलं बोलला. बंदरावर बोटवाल्यांची वस्ती लहान असते. काही दिवसांनी भावाला सोबत्याचा फोन आला. मी ओसरीवर होतो. भाऊ बोटीला टेकून बोलत होता.

"अरे कोन बुडाला? असं कधी झालंच नाई... तू होता ना माह्यासंगं?... मंग?... शेवटच्या वर्षी बी नाई... हो, मानसं न्याचा धंदा हाय, मले समजते... बरं. बरं, ठेव."

मग तो ओसरीवर येऊन माझ्याशेजारी बसला.

"दादा, त्या नागपूरवाल्याशी तू काई बोलला का?"

"मी काय बोलनार?"

"कोनी तरी बोललं हाय."

"लोक काय, काही बी बोलतात," मी म्हणालो.

मग बाबूजींनी आतून हाक दिली आणि तो उठून आत गेला. पुन्हा त्यानं जाण्याचा विषय काढला नाही. कोकणातून निघालेली गोष्ट फिरून आमच्या गावात पोचली, तेव्हाही त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. रविवारचं इंजिन बंद झालं. पुढे त्यानं ते काढून शेजारच्या शेतातल्या पंपाला बसवून दिलं आणि जामच्या चौकात ट्रकच्या इंजिनांचं दुकान टाकलं. दुकान चाललं. नवीन माणूस मात्र गाडी त्याच्याकडे देण्याआधी चहावाल्याला विचारायचा, हाच का तो बुडवनारा? चहावाला हसून हो म्हणायचा. हे मी स्वतः बाकावर बसून ऐकलं आहे आणि चहा पिऊन उठलो आहे.

बाबूजी त्यानंतर बरीच वर्षं जगले. त्यांना शेवटपर्यंत भावानंच उचललं. मग बायको गेली. मुलगी सासरी आहे. आता घरात आम्ही दोघं. बोटीचं केबिन एका वादळात फांदी पडून फुटलं. भिंत मात्र तशीच आहे, मजबूत बांधली होती.

मागच्या हिवाळ्यात माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. भावाचंही वय झालं आहे, तरी मला न्हाणीत तोच नेतो. लाकडी पाटावर बसवतो, एका हातानं खांदा धरतो आणि दुसऱ्या हातानं पाणी घालतो. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते अशा वेळी बोलता येईल, असं मला वाटलं. तो पाठीमागे असतो, चेहरा दिसत नाही. मी वाक्य ठरवून ठेवलं होतं, आमच्या घरच्या भाषेत. 'त्या मानसाले मी सांगितलं होतं. तुह्या हातानं कोनी मेलं नाई, मी तुले अडकवलं. मले माफ कर.' त्यानंतर तो हात काढून घेईल आणि मी ओल्या फरशीवर एकटा बसून राहीन, एवढंही मनात धरून झालं होतं.

"दादा, हात वर कर," तो म्हणाला. मी हात वर केला. तो काखेत साबण लावत होता, सावकाश, बाबूजींना लावायचा तसा.

"अरे," मी म्हणालो.

"काय?"

त्याचा हात थांबला. तो वाट पाहत होता. आजही मला वाटतं, त्याला माहीत होतं मी काय बोलणार आहे आणि मी ते बोलावं म्हणूनच तो थांबला होता.

"पानी जरा गरम हाय," मी म्हणालो.

त्यानं बादलीत थंड पाण्याचा तांब्या ओतला, हातानं ढवळलं आणि पाणी माझ्या पाठीवर सोडलं.

"आता?"

"आता बरं हाय," मी म्हणालो.