काश्मीर का अंदमान

आष्ट्याच्या बाजारात एक घड्याळजी होते. डोळ्याचं भिंग न काढताच ते माणसांशी बोलायचे, त्यामुळं आपल्यातच काहीतरी बिघडलंय असं मला वाटायचं.

आणीबाणी उठली त्या वर्षी त्यांनी बायकोला घेऊन सहलीला जायचं ठरवलं. एकीकडं काश्मीर, बर्फाचे डोंगर बघत हाउसबोटीत आठ दिवस. दुसरीकडं मद्रासहून बोटीनं अंदमान, उकाड्यातले वीस दिवस. महिनाभर ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, "थंड का गरम?"

मला म्हणाले, "गुरुजी, अनुभव घेतल्याबिगार ठरवायचं न्हाई."

आणि खरंच, गोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणून ते तिच्यावर पाय ठेवून तासभर दुकानात बसले. दुसऱ्या दिवशी कृष्णेवर जाऊन नावेतून सहा फेऱ्या मारल्या आणि काठावर येऊन भडाभडा ओकले.

"म्हणजे काश्मीरच," मी म्हणालो.

तेवढ्यात वहिनी जेवणाचा डबा घेऊन दुकानात आल्या. मी त्यांनाही विचारलं.

"मला व्हय? लांबची बरी की. तितकं दिस चूल न्हाई."

घड्याळजींनी भिंग काढलं, बायकोकडं जरा वेळ बघितलं आणि अंदमानचा फॉर्म भरून टाकला.

ते दोघं परत आल्यावर मी बोट कशी होती ते विचारलं.

"मला काय ठावं? जाता-येता मी बादलीत तोंड घालून पडलो हुतो," ते म्हणाले. मग आवाज खाली आणला. "पर गुरुजी, ही ऐटीत बसायची आन् लोकं हिला वाढायची. माजं ताटबी हिनंच खाल्लं. लय ग्वाड दिसत हुती."