लताच्या नवऱ्याला भाषण

हातातला चहा आधी खाली ठेवा. माझी ही फजिती ऐकताना भलेभले ठसकलेत, नंतर मला बोल लावू नका.

मी रिटायर झालेली शाळेतली बाई. राहते नौपाड्यात, पण दर रविवारी शहाडला जाते. तिथे एका बंद गाळ्यात आमचा ग्रुप लोकांनी दिलेल्या जुन्या सायकली दुरुस्त करतो आणि ज्यांना कामावर जायला खरंच गरज आहे त्यांना देतो. सुरुवातीला माझ्याकडे नुसती पुसापुशी होती. मग मी पंक्चर काढायला शिकले, ब्रेक बसवायला शिकले. अशात एक लाल लेडीज सायकल आली. चेन गंजलेली, मागचं चाक वाकडं. ती मी एकटीने उभी केली, कोणाचा हात लागू दिला नाही. चाक फिरवलं की फिरतच राहायचं, आवाज म्हणून नाही. गर्व झाला का? झाला की! का नाही होणार?

ती सायकल लताला द्यायची ठरली. लता विठ्ठलवाडीला राहते, तीन घरी स्वयंपाक करते आणि तिन्ही घरं तीन दिशांना. पहाटेपासून नुसती पायपीट. तिने निरोप पाठवला की मला रविवारीही काम असतं, नवऱ्याला पाठवते.

रविवारी एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, शांत. लाल लेडीज सायकल इथेच आहे ना, असं विचारू लागले. मी दाखवली. त्यांनी सीटवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. मला भरूनच आलं. बायकोवर काय जीव आहे माणसाचा!

पण शाळेतली बाई गप्प बसते होय? मी म्हटलं, "हे बघा, ही सायकल तुमच्या बायकोसाठी आहे. तिनेच चालवायची."

ते गोंधळले. "मॅडम, तिला सायकल येत नाही."

"मग शिकवा."

"अहो, तिचे गुडघे दुखतात."

"दुखणारच. तीन घरचा स्वयंपाक करते ती. कधी विचारपूस केलीत?"

"तीन घरचा?" ते इतकं हळू म्हणाले की मला वाटलं, वरमले बिचारे. मग तर मला चेवच चढला. निदान रात्रीची भांडी तरी घासत जा, असंही सुनावलं. त्यांनी दोन-तीनदा तोंड उघडलं, पण मी बोलू दिलं तर ना! शेवटी निमूट सायकल घेऊन गेले. मी खूश. एक सायकल मार्गी लागली आणि एक नवरा सुधारला.

थोड्या वेळाने दुसरा एक माणूस धापा टाकत आला. "ताई, मी लताचा नवरा. सायकल न्यायला आलोय."

म्हणजे मघाचे ते कोण? त्यात तो सांगतो, सायकल मिळणार म्हणून लताने उद्यापासून चौथं घर धरलंय. मी बाहेर धावले, रिक्षा थांबवली, त्याला आत बसवलं आणि निघाले.

स्टेशनच्या अलीकडे ते गृहस्थ दिसले. सायकल चहाच्या टपरीला टेकवून फोनवर बोलत होते, "अगं, खरं सांग. मी ऑफिसला गेलो की तू कोणाकडे स्वयंपाकाला जातेस का?"

पलीकडून जे उत्तर आलं ते रिक्षावाल्यालाही ऐकू गेलं.

मग उलगडा झाला. सायकल त्यांच्या मुलीची. ती नोकरीसाठी लांब गेली, म्हणून त्यांनीच सोसायटीतून आमच्याकडे पाठवलेली. कोणाच्या हाती जाण्याआधी एकदा डोळे भरून बघावी, एवढ्याचसाठी आलेले. आमच्या ग्रुपला ती नको झाली म्हणून मी त्यांना परत देतेय, असं त्यांना वाटलेलं. मी हात जोडून माफी मागितली. ते इतके हसले की त्यांना टपरीचा आधार घ्यावा लागला.

त्यांनीच सायकल लताच्या नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "जपून वापरा. नवी होती तेव्हासुद्धा एवढी छान चालत नव्हती."

ऐकलंत? नवी होती तेव्हासुद्धा! लताच्या नवऱ्याने पायडल मारलं आणि माझी सायकल सरळ, बिनआवाज निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिले, मान ताठ करून.

तेवढ्यात ते गृहस्थ म्हणाले, "पण मॅडम, गाळ्यात एवढ्या सायकली होत्या. त्यातलीच एखादी काढून यायचं, मला केव्हाच गाठलं असतंत. रिक्षा कशाला केलीत?"

आता काय सांगू त्यांना? मला सायकल चालवता येत नाही.