परवानगीचं बटण

"चालू करू का?"

भिंतीपलीकडून हा प्रश्न आला की मागोमाग "करा" असं उत्तर यायचं, आणि मग काहीतरी घरघरायला लागायचं. कधी मिक्सर, कधी पाण्याची मोटर, कधी नुसता पंखा. इकडे गुजरातेत, तरसालीतल्या आमच्या सोसायटीत घराला घर चिकटलेलं, मधली भिंत एकच. त्यामुळे शेजारच्या काका-काकूंचा संसार मी अर्धाअधिक कानांनीच पाहिला.

काका रिफायनरीतून रिटायर झालेले. नोकरीची सगळी वर्षं कंट्रोल रूममध्ये गेली. "बटणाला हात लावायच्या आधी विचारायचं, बेटा," ते मला सांगत. "पलीकडचा हो म्हणाला तरच. आत कोणाचा हात असेल, आपल्याला काय दिसतं?" मी पन्नाशी गाठली तरी त्यांच्या लेखी बेटाच होते.

"अहो काका, पण पंख्यात कोणाचा हात असणार?"

"सवय एकदा मोडली की मोडलीच. आणि हे बघ, बंद करायला विचारायचं नसतं. विचारायचं ते चालू करायला."

सोसायटीची टाकी भरायची पाळी त्यांची असली म्हणजे बघायला मजा यायची. खाली स्विचपाशी उभं राहून मान वर करून विचारायचे, "चालू करू का?" गच्चीवर काळं कुत्रं नसायचं. शेवटी समोरचे गुजराती शेजारी अर्धी दाढी केलेल्या तोंडाने खिडकीत येऊन म्हणायचे, "करो ने काका, करो." मग काका समाधानाने बटण दाबायचे.

काकूंचा आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. भाजीवाल्याशी घासाघीस चाललेली असो नाहीतर तोंडात घास असो, आतून विचारणा झाली की "करा" जायचंच. चिडलेल्या असल्या तर "नका करू" म्हणायच्या. मग काका खरंच करायचे नाहीत. मे महिन्यात पंख्याखाली घाम पुसत बसलेलं मी त्यांना पाहिलंय.

रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, काकांनी मशीन बांधायला घेतलं. सीएनसी म्हणे. गाडी ठेवायच्या जागेत कॅरमबोर्डाएवढं टेबल, त्यावर पातं लावलेली मोटर. कॉम्प्युटरमध्ये चित्र काढून दिलं की मोटर आपली आपण इकडे तिकडे सरकत लाकडात ते चित्र कोरून काढायची. दिसायला मात्र ध्यान होतं. चहूकडून वायरी लोंबत होत्या, आणि चालू करायचं म्हणजे भिंतीतला स्विच. पण त्याच्या आधी घरात हाक जायची, आणि घरातून "करा" आलं की लाकडाचा भुसा उडायला लागायचा. माझ्या दारावरची घराच्या नंबराची पाटी तिथलीच. तिच्यातला आठ थोडा तिरका आहे. त्या दिवशी काकूंनी "करा" फार घाईने म्हटलं, असं काकांचं म्हणणं.

मग काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांची कॉट हॉलमध्ये टाकली. काकू भिंतीकडे तोंड करून पडायच्या. व्यायाम करवून घ्यायला बाई यायच्या, पण काकू काही मनावर घेईनात. उजवा हात मांडीवर ठेवला तर मांडीवर, गादीवर ठेवला तर गादीवर. बाई जाताना काकांना म्हणाल्या, "हात अजून जागा आहे हो, पण यांनीच तो सोडून दिलाय. आत्ता नाही हलवला तर कायमचा जाईल."

भिंतीपलीकडचं घर गप्प झालं. मिक्सर नाही, मोटर नाही, मशीनवर जुनी चादर. मला ते ऐकवेना. ऐकायला काही नव्हतंच, तेच ऐकवेना. मी काकांना म्हटलं, "तुम्ही विचारा, मी म्हणते ना 'करा'. भिंतीतून ऐकू येतं मला."

काका हसले. "तुझं ऐकून मोटर चालू करीन, बेटा. मशीन नाही."

आणि थोड्याच दिवसांत पलीकडे ड्रिलचा आवाज सुरू झाला. जाऊन पाहते तर काकूंच्या जुन्या लोखंडी कपाटातला लॉकर काढून काकांनी त्याच्या दाराला गोल गोल भोकं पाडलेली. मशीनचं पॅनेल बनत होतं. सगळ्या वायरी लॉकरच्या आत ओळीने बांधलेल्या, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी. दारावर बटणं आणि दिवे, खाली सुवाच्य अक्षरात चालू, बंद, सावकाश, जोरात. मधोमध भूछत्रासारखं लाल बटण, गडबड झाली तर थोबाडीत मारल्यासारखं मारून मशीन थांबवायचं. म्हटलं, माणूस कशात तरी रमतोय, रमू दे.

पण लॉकरच्या बुडातून एक वायर निघाली होती. ती खिडकीच्या गजातून आत गेली, भिंतीच्या कडेकडेने हॉलमध्ये पोचली आणि काकूंच्या कॉटशी थांबली. तिथे एक लाकडी डबी, तिच्यावर पिवळा दिवा आणि वाटीएवढं हिरवं बटण. काकांनी बाहेर 'चालू' दाबलं की इथे पिवळा दिवा लागणार, म्हणजे विचारणा झाली. काकूंनी हिरवं दाबलं की मशीन सुरू. नाही दाबलं, तर काही केल्या नाही.

डबी त्यांनी काकूंच्या उजव्या हाताशी ठेवली होती. मला रागच आला.

"डाव्या हाताला द्या की. तो चालतो ना त्यांचा. कशाला छळताय?"

"डावा चालतोच आहे," काका म्हणाले. "त्याला कशाला काम लावू?"

रोज संध्याकाळी चहा झाला की काका मशीनवर लाकूड आवळायचे, दिवा लावायचे आणि स्टुलावर बसून राहायचे. हॉलमध्ये पिवळा दिवा जळत राहायचा. काकू भिंतीकडे. अंधार पडायला लागला की काका उठायचे, लाकूड सोडवून ठेवायचे. "आज परवानगी नाही. उद्या बघू." कुठे राग नाही, काही नाही. मलाच रडू यायचं, खोटं कशाला सांगू.

एका संध्याकाळी मी काकूंपाशी बसले होते. दिवा लागला. पाऊण तास मी तो दिवा बघितला, शेवटी मला राहवेना. म्हटलं, त्या माणसाचं एकदा तरी मशीन चालू दे. आणि मी बटणाकडे हात नेला.

फटकन माझ्या मनगटावर बसली. काकूंचा डावा हात. मान इकडे वळलेली, डोळे असे वटारलेले की भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या काकू आठवल्या. तो राग बघून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग ओठ आवळून त्यांनी उजवा हात गादीवरून ओढायला सुरुवात केली. खांद्याने ओढला, कोपराने रेटला. बोटं काही उघडेनात. शेवटी मनगटाची कड बटणावर टेकली आणि त्यांनी अंगाचा भार टाकला.

बाहेर मशीन घरघरलं.

मी धावत गेले. काका मशीनपुढे उभे होते आणि मोटर हवेत कोरत होती. डावीकडे, उजवीकडे, सगळी नक्षी अगदी व्यवस्थित, पण खाली लाकूडच नव्हतं. आयुष्यभर दहादा तपासून बटण दाबणारा हा माणूस, त्या दिवशी लाकूड लावायला विसरला होता. तरी त्यांनी मशीन बंद केलं नाही. नक्षी पुरी होईपर्यंत बघत राहिले, आणि डोळे पुसत आत येऊन काकूंना म्हणाले, "अहो, लाकूड लावलंच नव्हतं." काकू हसल्या. एकाच बाजूने, पण हसल्या.

पुढची वर्षं मजेत गेली. सोसायटीच्या गणपतीची मखरं त्या मशीनवर झाली. काकूंचं बोलणं काही परत आलं नाही, पण हात सुधारला, चमचा धरायला लागल्या. आणि बटणाचं महत्त्व त्यांना बरोबर कळलं होतं. डाळ करपली की दोन दिवस मशीन बंद. "काय काका, आज शांतता?" मी विचारायची. "परवानगी अडलीय, बेटा," ते म्हणायचे, वर खुशीत असायचे.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी काका जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बंद करायला विचारायचं नसतं, हे त्यांनी स्वतःपुरतंही पाळलं.

त्यांची लेक पुण्याला असते. तिने ठरवलं, मशीन एखाद्या कारागिराला देऊन टाकू, नुसतं गंजायला नको. काकूंना विचारलं तर त्यांनी मान हलवली. ती आडवी हलली की उभी, हे आम्ही आमच्या सोयीने ठरवलं.

कारागीर मशीन बघायला आला तेव्हा मी काकूंपाशी दोघींचा चहा घेऊन बसले होते. त्याने बाहेर बटण दाबलं असणार, कारण कॉटशेजारचा पिवळा दिवा लागला. काका गेल्यापासून पहिल्यांदाच. काकू टक लावून बघत राहिल्या.

"मासी, आ तो चालतुं नथी," बाहेरून त्याचा आवाज आला. "डायरेक्ट करी दउं?" म्हणजे हिरवं बटण वगळून वायर सरळ जोडू का.

"काही डायरेक्ट नको," मी म्हटलं. "थांबा."

काकूंनी उजवा हात उचलला. मी कप खाली ठेवला. हात सावकाश बटणापर्यंत आला, बटणावरून पलीकडे गेला, आणि त्यांनी आपला चहाचा कप उचलला. बशी न लवंडता. एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

मी उठले आणि त्या माणसाला जाऊन सांगितलं, आज परवानगी नाही, उद्या बघू.