तिच्या पायाखालची फट

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. मुलीपुढे नाही, मित्रापुढे नाही, देवापुढेही नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगतोय. ओळखत असता तर तोंड उघडायची हिंमत झाली नसती. मी सातवी नापास माणूस. मागचं पुढं होईल, सांभाळून घ्या.

आम्ही नवरा-बायकोने मिळून शेवटचं काम केलं ते वाळलेले कपडे आत घ्यायचं. इथे सिंगापुरात, टॅम्पिनीसला, आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. आमच्या जुन्या ब्लॉकमध्ये अजून कपडे बांबूवर घालून खिडकीबाहेर काढतात. भरलेला बांबू आत ओढायला मनगटात जोर लागतो, ते काम माझं. चिमटे काढून कपडे खांद्यावर घ्यायचे, ते इंदूचं. दुपारी आभाळ आलं म्हणून आम्ही उभे राहिलो. ती म्हणाली, "अहो, सरळ धरा. मागं तुमचा बनियन खालच्या चिनी आजीच्या कुंडीत पडला. ती दोन बोटांत धरून द्यायला आली तेव्हा त्याचा रंग बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं." मी म्हणालो, "तोंड कमी चालव, हात चालव." ती हसली. कपडे पलंगावर टाकले आणि म्हणाली, जरा पडते. संध्याकाळी उठवायला गेलो — उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी तिला मारलं नाही. ती गेली ते तिच्या हृदयाने गेली, त्यात माझा हात नाही. पण हे मी इतक्या घाईने का सांगतोय? मारलं नाही म्हटलं की बाकीचं लहान दिसतं, म्हणून?

लहान नाही ते.

मी जुरोंगला जहाज दुरुस्तीच्या यार्डात फिटर होतो. आलो तेव्हा डोक्यावर केस होते, निवृत्त झालो तेव्हा नव्हते. माझा एक दोस्त आहे, सेल्वम. पूर्वी यार्डात माझ्याबरोबर होता, मग पुलापलीकडे मलेशियात, जोहोरला जाऊन त्याने गॅरेज टाकलं. सिंगापुरात हौसेने गाडी कापायची-जोडायची म्हणजे कायदा आडवा येतो. म्हणून आम्ही ती तिकडे बांधली. दोन दारांची जुनी जपानी गाडी, कागद सेल्वमच्या नावावर, मेहनत माझी. छप्पर मी खाली घेतलं, मागची चाकं रुंद केली, बॉनेटला हवेसाठी झडप ठोकली. रंग इंदूने निवडला, जांभळाचा. "म्हातारपणी लग्नाची गाडी मिळाली," म्हणायची.

शनिवारी पहाटे बसने पूल ओलांडायचा, गाडी काढायची आणि निघायचं. मलाक्का, मर्सिंग, किनाऱ्याकिनाऱ्याने. ती डाव्या बाजूला. मांडीवर दशम्या, ठेच्याची बाटली, पायांत पांढरे मोजे, कारण तिला थंडी पायातून भरायची. तासन्‌तास बोलायची. डोकं दुखलं नाही तिचं कधी. हे लक्षात ठेवा — कधी नाही.

मग एकदा म्हणाली, "समुद्र पुष्कळ झाला. मला डोंगर दाखवा." ती पाटणकडची, डोंगरात वाढलेली. आणि मी तिला आणलं या सपाट गावात, जिथे टेकडी चढायलाही लिफ्ट शोधतात. वर मलेशियात कॅमेरूनचे डोंगर आहेत, थंड हवा, चहाचे मळे. पण जुन्या इंजिनात घाट चढायचा दम नव्हता.

म्हणून गाडी पुन्हा उघडली. सिंगापुरात धडधाकट गाड्या दहा वर्षांत मोडीत काढतात, त्यांची इंजिनं जोहोरला येतात. त्यातलं एक मोठं घेतलं. मोठ्या इंजिनाला मोठा गिअरबॉक्स, आणि तो बसेना म्हणून मी मधला पत्रा कापला. नवा पत्रा घडवून वरून बसवला. उजवीकडे चपखल बसला. डावीकडे, तिच्या पायाशी, फट राहिली. हाताची चार बोटं जातील एवढी. मी तिथे चिंध्या आणि रबर कोंबलं, वर गालिचा टाकला. नंतर बघू म्हणालो. बरोबर खालीच इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या, सायलेन्सरच्या पाईपचा जॉइंट होता. तोही मीच केलेला. त्याचं पॅकिंग नीट बसलं नव्हतं हे मला पहिल्या दिवशी आवाजावरून कळलं होतं. तेही नंतर बघू. आणि तिच्यासाठी एसी बसवला. त्याचं कौतुक मात्र सगळ्यांना सांगत सुटलो.

नव्या इंजिनावर पहिल्याच ट्रिपला तिचं डोकं दुखलं. दुसऱ्या ट्रिपला दुखलं, उमासे आले. काच खाली करू लागली तर मी खेकसलो, एसी काय शोभेला लावलाय? माझी स्वतःची काच बोटभर उघडी असायची, सिगारेटसाठी. मला काय होणार?

ती एकदा गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर हळूच म्हणाली, "आधीच्या इंजिनाला असं नव्हतं हो होत."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "गाडी सुधारली. तू म्हातारी झालीस." आणि तेच इंग्रजीत सेल्वमला सांगितलं, त्यालाही हसू यावं म्हणून. तो हसला. तीही हसली. तिला दुसरं काय करता येणार होतं?

मग आम्ही कॅमेरूनला निघालो. सेल्वम आणि गॅरेजवर जमणारी आमची मंडळी, सगळे म्हातारे, ज्याची त्याची जुनी गाडी घेऊन. घाट निम्मा चढलो आणि ती ओकायला लागली. चेहरा राखेसारखा. रस्त्याकडेला तिथल्या आदिवासी बायका रानातला मध आणि कणसं विकत बसतात, तिथे उतरवलं. ती म्हणाली, "तुम्ही जा वर. सगळे खोळंबलेत. मी इथं बसते. माझ्यामुळे नको." मी गेलो. हो, गेलो. बायकोला अनोळखी रस्त्यावर बसवून मी वर जाऊन चहा प्यालो, गाडीच्या टपावर हात ठेवून फोटो काढले.

परत आलो तर ती त्या मधवालीच्या शेजारी बसून कणीस खात होती. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण दोघी खिदळत होत्या. गाल पुन्हा तांबूस झाले होते. मी लांबूनच बघत उभा राहिलो — आणि मला कळलं. पित्त असं उतरतं का? घाट लागलेला माणूस घाटातच बसून बरा होतो का? ती गाडीबाहेर होती, एवढंच झालं होतं.

मला कळणार नाही तर कुणाला? जहाजाच्या टाकीत उतरायच्या आधी आम्हाला हवा तपासल्याशिवाय सोडत नसत. दरवर्षी वर्गात बसवून घोकून घेत — डोकं जड होणं, मळमळ, पाय लटपटणं, तोंडाची कळा बदलणं. बाहेर काढा, मोकळी हवा द्या, माणूस सावरतो. नाही काढलं तर सावरत नाही. मी हे नव्या पोरांना शिकवलेलं आहे. आणि मी तिला पुन्हा त्याच जागेवर बसवून घाट उतरलो.

त्या रात्री उशिरा गॅरेजच्या बाकावर तिने मोजे काढले. तळवे काळे झाले होते. काजळी. माझ्यासमोर धरून म्हणाली, "अहो, हे बघा, हे काळं कुठून लागलं?"

इथे खरं बोलायची माझी वेळ होती. माझ्या आयुष्यात इतकं सोपं करून कुणी मला विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "तुझ्या चपलेचा रंग जातोय."

तिने मान डोलावली आणि नळाखाली मोजे चोळत बसली.

तुम्ही म्हणाल, मग गुपचूप नीट करायचं. एका सकाळचं काम होतं. केलं का नाही? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की आळस, की वेळ मिळाला नाही. खोटं आहे. मी नीट केलं नाही, कारण नीट केलं असतं तर तिचं डोकं दुखायचं थांबलं असतं. आणि थांबलं असतं तर तिला कळलं असतं. ती अडाणी नव्हती. गाडी उघडली, आणि त्या दिवसापासून दुखणं गेलं — दोन आणि दोन चार तिने केले असते. मग 'तू म्हातारी झालीस' हे मी कुठे ठेवणार होतो? मंडळीसमोर? सेल्वमसमोर? म्हणून फट तशीच ठेवली. माझा शब्द खरा राहावा म्हणून तिचं दुखणं खरं राहू दिलं.

वैशालीने, आमच्या मुलीने, आईला डॉक्टरकडे नेलं. मी बरोबर गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधी दुखतं? इंदू सांगायला लागली, तर तिच्याआधी मी बोललो — "उन्हात गेली की. उपाशी राहिली की. तिचं पित्त जुनं आहे." गाडीचं नाव घेतलं नाही. गोळ्या मिळाल्या. घरी येऊन वैशालीने आईचा चहा बंद केला. कैरी बंद, तूरडाळ बंद. जिला सकाळी दोन कप चहा झाल्याशिवाय कुकर लावायला सुचत नसे, ती कोमट पाण्यात आवळ्याचा रस घालून पिऊ लागली. माझा चहा मात्र रोज करून द्यायची. त्याचा वास घेऊन म्हणायची, "आज आलं कमी पडलं वाटतं." मी तो पीत होतो. रोज. तिच्यासमोर बसून.

आणि ट्रिपला यायचं तिने सोडलं. स्वतःच म्हणाली, "माझ्यामुळे तुमचा रसभंग होतो." माफी मागितली तिने माझी. कळतंय का तुम्हाला? तिने माझी मागितली.

मी जात राहिलो. कॅमेरूनला किती वेळा गेलो, आठवत नाही. डावीकडच्या सीटवर हत्यारांची पेटी ठेवायचो. कुणाला बसू द्यायचो नाही, कारण बसेल त्याचं डोकं दुखणार. विचारलं तर सांगायचो, ही इंदूची जागा. मंडळींना गहिवर यायचा. सेल्वम आपल्या बायकोला सांगायचा, "सी, हाऊ मच ही लव हिज वाइफ, ला." मी मान खाली घालायचो. त्यांना ते प्रेम वाटायचं.

घरी आल्यावर ती फोनवरचे डोंगर बघायची. दोन बोटांनी मोठे करून. "हे झाड आमच्याकडच्या हिरड्यासारखं दिसतंय. थंडी होती का? दव होतं का?" मी म्हणायचो, असतं तिथे काय, सगळं सारखंच. एकदा म्हणाली, "टॅक्सीने गेलं तर वर पोचेन का हो मी?" मी म्हणालो, घाट तो घाटच. टॅक्सीत तिचं डोकं दुखलं नसतं. म्हणून तेही नको होतं मला.

पाटणची मुलगी, डोंगर बघायचा राहिला तिचा.

ती गेली. तिला अग्नी दिला, म्हणजे बटण दाबलं इथल्या रीतीने. इथे आज दहन झालं की उद्या सकाळी अस्थी न्यायला बोलावतात. पेटीत हाडं घालताना घरच्यांनी उभं राहायचं असतं, चिमट्याने एकेक तुकडा उचलायचा असतो. वैशाली म्हणाली, "बाबा, सकाळी नऊला निघू." मी म्हणालो, माझ्याने बघवायचं नाही, तुम्ही दोघं जा. तिने मला जवळ घेतलं. जावई म्हणाला, त्यांना जबरदस्ती नको. सगळ्यांना माझी दया आली. तीही मी घेतली.

ते खाली उतरले आणि मागोमाग मी बस धरून पुलापलीकडे गेलो.

सेल्वमने मला दारात बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "अण्णे, टुडे व्हाय यू कम? गो होम ला." मी गाडी जॅकवर घेतली, खाली झोपलो. जॉइंट सोडला, नवं पॅकिंग घातलं, आवळला. गालिचा फाडला. चिंध्या काळ्या पडून कडक झाल्या होत्या, त्या उपसून काढल्या. पत्रा कापला, वाकवला, बसवून वेल्डिंग मारलं, कडेने सील भरलं. एका सकाळचं काम आहे म्हणालो होतो ना — सकाळभराइतका वेळही लागला नाही.

मग हत्यारांची पेटी उतरवली आणि डावीकडे बसलो. त्या जागेवर मी पहिल्यांदा बसत होतो. सेल्वमला म्हणालो, तू चालव. काचा वर घे, एसी लाव, हायवेला घे आणि थांबू नकोस. तो चालवत राहिला. मी पाय तिथेच टेकवून, हात मांडीवर ठेवून बसलो, आणि डोकं दुखायची वाट बघितली. कुलाई मागे गेलं. आयर हितामचा फाटा आला, गेला.

दुखलं नाही.