बिरप्पाची काठी

बिरप्पा गेल्याचं मला कमलनगरच्या स्टँडवर कळलं. जीपमध्ये बसलो होतो, उतरलो आणि गावाकडं चालत आलो. महिना होऊन गेला, राग काही उतरत न्हाई. मरणावरचा न्हाई... आखातात माणसं पाठवणाऱ्या बिदरच्या त्या एजंटावरचा.

बिरप्पा आमच्या गावचा धनगर. कुवेतची लढाई संपल्यावर तिकडं मेंढरं राखायला गेला आणि सहा वर्षांनी अरबी बोली तोंडात घेऊन आला. शाळा पाहिली न्हाई त्यानं, तरी आखातात जाणारे त्याच्या मेंढरांजवळ शिकायला बसायचे. 'गिल्त' म्हणजे मी म्हणालो, 'ला' म्हणजे त्याला. जोडून बोलताना सगळ्यांची जीभ अडकायची. बिरप्पा म्हणायचा, "जाळीच्या दारात तीन मेंढरं एकदम घुसली तर काय करतूस? मधी काठी घालतूस का न्हाई? इथं बी ल, त, ल तिघं अडकलेत. पहिल्याच्या मागं काठी घाल. गि-लित-ला!" काठी जमिनीवर आपटली की तिथं 'इ' यायची.

मी चौथी शिकलेला. शब्द वहीत उतरवायचो. काठी कशी लिहायची कळेना, म्हणून सोडली. एजंटानं वही दोन दिवसांसाठी मागितली आणि मीच दिली. चूक माझी, लपवत न्हाई. तिचं पुस्तक निघालं, मागं त्याचा कोटातला फोटो. बिरप्पा विचारायला गेला, तर एजंट चार माणसांत हसून म्हणाला, "मेंढरं राखणाऱ्याला कुठली अरबी येती?" त्या दिवसापासून बिरप्पानं कुणाला शिकवलं न्हाई. "जाऊ दे अण्णा," एवढंच बोलला. मी जाऊ देणार न्हाई.

तिसऱ्याच्या दिवशी एजंट माझ्या दारात! "अण्णा, पुस्तकातलं बोललं की तिकडं अरब हसायलेत म्हणं. बिरप्पा मधी काठी घालायचा म्हणं, ती कुठं घालायची तेवढं सांगा. बिरप्पाचं नाव टाकतो की आभारात."

"आभारात? चप्पल घाल आणि नीघ."

एजंटा, काठी आज मी इथं पेपरात मांडली, बिरप्पाच्या नावानं. आता खुशाल चोरून ने, साऱ्या मुलखाला कळंल कुणाची ते. जाणारे आता तुझं पुस्तक घेऊन माझ्याकडं येतात. मी त्याच्याच काठीनं शिकवतो, आणि उठताना तुझ्या फोटोवर जाड पेन्सिलीनं 'बिरप्पा' लिहून देतो. तशी कैक पुस्तकं कुवेतला पोचली. तुझ्या टेबलावरचं तेवढं राहिलंय.

काठी माझ्या दाराला टेकून आहे. मुठीजवळ बिरप्पाच्या हातानं गुळगुळीत झालीय... तीच घेऊन येतो.