नलूमावशींचा तोल

कोणाच्याही घरी गेल्या की नलूमावशी आधी फ्रिज उघडत. फरीदाबादला त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहत. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या. पहिल्याच भेटीत माझ्या फ्रिजमधली वाटी हुंगून म्हणाल्या, "हे दही आहे की पुरावा?" बाई मला तिथेच आवडल्या.

सत्तरीला टेकल्या आणि त्या झोकांड्या खायला लागल्या. भिंत धरून चालायच्या. जीभही जड झाली. सोसायटीत कुजबूज सुरू झाली, "आंटीजी पीने लगी हैं." एकदा सेक्रेटरी दारात येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, इस उम्र में ये सब..."

मावशींनी चौकट घट्ट धरली. "पीती तो आपको भी पूछती, भाईसाहब. इतनी बदतमीज़ नहीं हूँ."

मी त्यांना डॉक्टरांकडे फिरवलं. एक म्हणाला कान, दुसरा म्हणाला व्हिटॅमिन, तिसरा म्हणाला वय. मेंदूचा एमआरआय साफ आला. "डोक्यात काही सापडलं नाही म्हणे," मावशी खूश होत्या. "ऑफिसात सगळे हेच म्हणायचे."

शेवटी मेंदूविकाराच्या एका तरुण डॉक्टरणीने रक्त आणि पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं, आणि उलगडा झाला. शरीरात कुठेतरी कॅन्सर लपला होता. त्याच्याशी लढायला शरीराने फौज उभी केली होती; रक्तात सापडलेल्या अँटिबॉडी ही तिचीच खूण. पण कॅन्सरच्या पेशींत जे प्रथिन होतं, तेच तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूच्या पेशींतही होतं. फौज दोन्हीकडे तुटून पडली होती.

"म्हणजे अगदी आमचं खातं," मावशी म्हणाल्या. "तक्रार एकाची, नोटीस दुसऱ्याला."

शोधल्यावर अंडाशयात छोटीशी गाठ सापडली. ऑपरेशन झालं, केमो झाली, स्टिरॉइड झाली. कॅन्सर गेला. तोल मात्र आला नाही. मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत, आणखी मरू नयेत एवढंच बघू, असं डॉक्टरणीने स्पष्ट सांगितलं. त्या संध्याकाळी चहा पिताना मावशींचा हात उडाला आणि सगळा कप अंगावर सांडला.

"माझंच रक्त ना गं हे?" त्या म्हणाल्या. "मग माझ्याच जिवावर का उठलं?"

मी त्यांची हनुवटी पुसली. एरवी कोणाला हात लावू न देणाऱ्या मावशींनी ती पुसू दिली.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन कायम त्यांचं. त्या वर्षी कमिटीने "आराम करा" असं गोड शब्दांत सुचवलं. मावशी व्हीलचेअरवर आल्या आणि माइक मागून घेतला. एकेक शब्द ओढत बोलल्या, "मी... प्यायलेली... नाही. प्यायलेले... मागच्या रांगेत... बसलेत." मांडव हसून लोटपोट झाला. मागच्या रांगेतले दोघे उठून गेले. मग त्यांनी सगळा कार्यक्रम पार पाडला. उशीर झाला, पण बाकी कोणी हललं नाही.

पुढे बोलणं जवळजवळ कळेनासंच झालं. गेल्या हिवाळ्यात न्युमोनियाने त्यांना हॉस्पिटलात नेलं. मला जवळ बोलावून त्या काहीतरी पुटपुटल्या. कळलं नाही. पुन्हा म्हणाल्या. मी डोळे पुसले, कान त्यांच्या ओठांशी नेला. शेवटचं काही सांगत असतील, एक शब्दही निसटायला नको.

"लसूण... खाऊन... आलीस," त्या म्हणाल्या. "लांब... बस."

मी हसले. त्याही हसल्या. बोलणं पार तुटून गेलं होतं. हसू अख्खं होतं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.