मेक्सिकोच्या नटासाठी हलवा

मुलांनो, आज इथे ओमानात, अझैबा भागातल्या एका दुकानात ओमानी हलव्याचा केशर-गुलाबपाण्याचा वास आला आणि आमची जुनी शेजारीण उम्म खल्फान, म्हणजे खल्फानची आई, आठवली.

तेव्हा टीव्हीवर अरबी आवाज दिलेली एक मेक्सिकन मालिका लागायची. दुपारची कामं आटोपून मी तिच्याकडे जाई. मला अरबी येत नसे, म्हणून ती मोडक्या हिंदीत गोष्ट सांगे. मालिकेतला म्हातारा बाप हॉस्पिटलात होता आणि ती रोज त्याच्यासाठी दुआ मागत होती.

त्या बापाचं काम करणाऱ्या नटाविषयी मी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. आधी रेडिओवर काम, मग सिनेमात वर्षानुवर्षं खलनायक, उतारवयात कुठे ही चांगल्या बापाची भूमिका मिळालेली. मालिका आमच्याकडे पोहोचेपर्यंत तो वारलाही होता.

"बहन, तुम इंग्लिश पढता है. ये बूढ़ा ठीक होगा ना?" एकदा तिनं विचारलं.

"इन्शाल्ला," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मालिकेत तो बरा झाला, त्या दिवशी तिनं गल्लीभर हलवा वाटला. माझ्या हातावर मोठा गोळा ठेवत म्हणाली, "खाओ! हमारा बूढ़ा घर आ गया!" मी तो गोळा न खाता तसाच घरी घेऊन आले.

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या आईनं गेलेल्या आजोबांचं जुनं चित्रण लावलं. ते हसताना पाहून धाकट्या ईशाननं विचारलं, "आजी, आजोबा घरी कधी येणार?"

तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात, आणि मला इतक्या वर्षांनी हलव्याचा तोच गोळा पुन्हा हातावर जाणवला.